बेदाण्याच्या शेडमधला काळा सिनेमा

कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मी दर रविवारी सकाळी लॅपटॉपसमोर बसून सिनेमावर बोलते. ऐकणारे पंधरा-वीस जण असतात, बहुतेक आमच्या नागपूरचेच. सगळे शहाण्यासारखे माईक बंद ठेवतात. एकच गृहस्थ ठेवत नसत. मी बोलत असताना त्यांच्या मागून म्हैस हंबरायची, कुणीतरी भांडं आपटायचं, आणि मग आवाज यायचा, "म्याडम, एक इचारू का?"

हे दिनकरराव. राहणार विट्याजवळ, वय अठ्ठावन्न. वीस वर्षं कोइमतूरला त्यांचं गलाईचं दुकान होतं. गलाई म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करण्याचं काम. विट्याकडची पुष्कळ माणसं त्यासाठी देशभर गेलेली आहेत, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. मी तेव्हा 'फिल्म न्वार'वर सहा व्याख्यानं देत होते. न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. अमेरिकेतले जुने काळे-पांढरे गुन्हेपट, ज्यांत अर्धा पडदा अंधारात असतो, नायक स्वतःच्या पायांनी खड्ड्यात जातो आणि त्याला तिथवर नेणारी बाई फार देखणी असते. सहावं व्याख्यान संपलं तसे दिनकरराव म्हणाले, "म्याडम, तुमी सावलीवर येवढं बोलताय. आमी तसला एक शिनेमा काढाय लागलोय, पंधरा मिनिटांचा. या की बघायला."

मी आयुष्यभर सिनेमा शिकवला, पण कॅमेऱ्याच्या मागे काय चालतं ते एकदाही पाहिलेलं नव्हतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी गाडीत बसले.

सातारा

साताऱ्याचं स्टेशन गावापासून दूर आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उतरले तर समोर डोंगर आणि एक धिप्पाड मनुष्य, पांढरा सदरा, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. "मीच दिनकर," ते म्हणाले आणि नमस्काराच्या आधी पुडा पुढे केला. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. इथे पेढा आधी आणि "पानी मागनं प्या, चव जाती" ही सूचना.

दुपारी त्यांनी माझं व्याख्यान ठेवलं होतं, आणि ते माजी सैनिकांपुढे. खिडक्या बंद केलेल्या हॉलमध्ये चाळीसेक निवृत्त जवान बसलेले, पाठी ताठ, हात मांडीवर. मी सवयीने सुरुवात केली. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून जीव वाचवून पळालेले दिग्दर्शक आणि छायाचित्रकार अमेरिकेत आले, त्यांनी आपल्या मूकपटांतल्या वेड्यावाकड्या सावल्या सोबत आणल्या. दुसरं महायुद्ध सुरू होतं, सेटचं लाकूड आणि कापड जपून वापरायचं होतं, म्हणून लहान कंपन्यांनी अंधार वापरला. अंधारात भिंत नसली तरी चालते. आणि गंमत म्हणजे हे सिनेमे काढणाऱ्यांना आपण काहीतरी निराळं करतोय याचा पत्ताच नव्हता. नाव दिलं ते युद्धानंतर फ्रेंचांनी, साठलेले सिनेमे एकदम पाहिल्यावर.

माणसं शांत ऐकत होती, पण ती शिस्तीतली शांतता होती. मग मी म्हणाले, "या सिनेमांचा नायक पुष्कळदा लढाईवरून परत आलेला असतो. गाव तेच असतं, घर तेच असतं, पण त्याला ते आपलं वाटत नाही."

दुसऱ्या रांगेतले एक उंच, मिशाळ गृहस्थ उठून उभे राहिले. सगळे त्यांना सुभेदार म्हणत होते. "म्याडम, हे खरं हाय," ते म्हणाले. "मी परत आलो तवा पानी प्यायला सयपाकघरात गेलो, तर तांब्या कुठल्या फळीवर ठेवत्यात तेच म्हाईत न्हाई. अठ्ठावीस वर्सं मी फकस्त सुट्टीवर यायचो न्हवं? पावन्यागत. मग बायकूला हाक मारली. ती आली, पानी दिलं आनि हसली. पर माझ्या काळजात काय झालं ते तिला काय ठावं."

आपापलं घर आठवून हॉलमध्ये मोठा हशा झाला, आणि मग एकेक जण बोलू लागला. मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना जे समजावून थकले होते, ते या लोकांनी मलाच अर्ध्या तासात समजावलं. शेवटी सुभेदारांनी विचारलं, "ह्या दिनकरच्या शिनेमात पोलिसाचं काम हाय म्हनं?" दिनकररावांनी तिथल्या तिथे ते त्यांना देऊन टाकलं.

विट्याच्या अलीकडे, पलीकडे

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनाही घेऊन एसटीने विट्याला. वाटेत ऊस मागे पडत गेला, माळ सुरू झाले आणि विट्याच्या पुढे एकदम द्राक्षबागा. दिनकररावांचं घर बागेला लागून. घराशेजारी पत्र्याचं एक भलं लांब शेड, चारी बाजूंनी हिरवी जाळी. आत जाळीचेच रॅक, एकावर एक दहा-अकरा मजले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. द्राक्षं त्यावर पसरतात आणि सुकली की बेदाणा होतो.

मी आत पाऊल टाकलं आणि थबकले. तिरपं ऊन रॅकच्या फटींतून आत येत होतं आणि जमिनीवर, भिंतीवर, माझ्या साडीवर काळे-पांढरे पट्टे पडले होते. न्वार सिनेमांत खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या पात्रांच्या तोंडावर पडतात, तुरुंगाच्या गजांसारख्या. त्या सावल्यांची चित्रं मी कितीदा दाखवली असतील! त्या इथे कुणाला न विचारता पडलेल्या होत्या.

"बगितलंसा?" दिनकरराव म्हणाले. त्यांना दुसरं काही सांगायचं नव्हतं.

जेवताना त्यांची गोष्ट कळली. कोइमतूरच्या दुकानाशेजारी एका क्लबात रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे दाखवत. "मला ना तमिळ धड येत हुतं ना इंग्रजी," ते म्हणाले. "पर आमचं कामच आंधारातलं. भट्टीचा उजेड खालनं तोंडावर येतोय, बाकी काळोख. पयला शिनेमा बघितला आन म्हनलं, आरं, ही तर आमची मानसं! बोलनं कळायचं न्हाई, मग मी उजेडच बघायचो. तोंडावर निम्मा उजेड आसंल तर तो गडी निम्मं खोटं बोलतोय. उजेड हनुवटीखालनं आला की समजायचं, ह्याचं काय खरं न्हाई."

मी पाठ्यपुस्तकं वाचून शिकले ते हा माणूस भाषेशिवाय शिकला होता. मला थोडा मत्सर वाटला, हे कबूल करते.

वाढत होत्या त्यांच्या पत्नी, शोभाताई. बाजरीची भाकरी, दही, हिरव्या मिरचीचा खरडा. आमच्या सावजी रश्श्यावर वाढलेली मी तिखटाला भीत नाही, असं मोठ्या तोंडाने सांगून बसले आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी. शोभाताईंनी गुळाचा खडा ताटात ठेवला. वीस वर्षं बाग आणि शेड त्यांनी एकटीने सांभाळलं होतं. सिनेमाविषयी त्यांचं एकच म्हणणं होतं, आणि ते त्यांनी नवऱ्याकडे न बघता मला सांगितलं. "म्याडम, शुक्करवारी द्राक्षं येनार शेडमदी. त्याच्या आत काय काळं-पांढरं करायचं ते करा. मग मी कुनाचं ऐकनार न्हाई."

दिवस मंगळवार होता.

आटपाडी

बुधवारी भर बारा वाजता आम्ही आटपाडीबाहेरच्या रस्त्यावर उभे होतो. मी, दिनकरराव, सुभेदार आणि कॅमेरा घेतलेला महेश. महेश हा विट्यात लग्नांचे व्हिडिओ काढणारा पस्तिशीचा माणूस. त्याचं दुःख मोठं होतं. "म्याडम, लग्नात एका जरी पावन्याचं तोंड काळं आलं तर लोक पैसं देत न्हाईत. आन काका म्हनत्यात, समद्यांची तोंडं काळी आली पायजेत!"

दिनकररावांच्या गोष्टीत गलाईचं दुकान बंद करून एक माणूस गावी येतो; ते काम ते स्वतःच करत होते. एक बाई त्याच्याकडे हार घेऊन येते, म्हणते हा वितळवून द्या आणि काही विचारू नका. तो विचारत नाही. इथे रस्त्यावर पोलीस त्याला गाठतो, असा प्रसंग होता. मी उत्साहाच्या भरात सांगितलं की न्वारमध्ये रस्ता नेहमी ओला असतो, कारण ओल्या डांबरावर दिवे चमकतात. पाऊस नसला तर पाणी मारून भिजवतात. महेशला ते फार पटलं. तो जवळच्या चहाच्या टपरीवरून दोन बादल्या पाणी घेऊन आला आणि पहिली बादली रस्त्यावर उपडी केली.

टपरीतून एक म्हातारी बाहेर आली. टपरी तिचीच. डोक्यावर पदर, हातात पळी.

"काय करताय रं मुडद्यांनो?"

"आजी, शिनेमा काढतोय. रस्ता वला पायजे."

"वला पायजे? आरं, सासू माझी चार कोसावरनं पानी आनून मेली. आता कालवा आला, पानी आलं, म्हनून काय रस्त्याला पाजायचं व्हय?"

रस्ता तोपर्यंत सुकलाही होता. सुभेदार, ज्यांनी सीमेवर काय काय पाहिलं असेल, त्यांनी मुकाट्याने दुसरी बादली उचलली आणि टपरीमागच्या डाळिंबाच्या रोपांना घातली. मी म्हातारीची माफी मागितली, कारण कल्पना माझी होती. "तू कुठली गं बाई?" तिने विचारलं. नागपूर म्हटल्यावर तिला माझी दया आली असावी. तिने आम्हा चौघांना आत बसवून हुलग्याचं माडगं प्यायला दिलं. कुळथाच्या पिठाची ती पेज गरम, दाट, किंचित खरपूस. उन्हाळ्यात ताक पिणाऱ्या मला हे कसं जाणार असं वाटलं होतं, पण मी दोन वाट्या प्याले.

पिताना दिनकरराव रस्त्याकडे बघत होते. "म्याडम, पाऊस नसनाऱ्या गावात काळा शिनेमा व्हत न्हाई का?"

मी विचार केला. युद्धानंतर कॅमेरे हलके झाले, तसे न्वारवाले स्टुडिओतून खऱ्या रस्त्यांवर आले. मग रंग आला, आणि ज्यांना वाटलं आता हा प्रकार संपला, त्यांना पुढच्या लोकांनी भगभगीत उन्हात गुन्हे करून दाखवले. वाळवंटात, नारळाच्या झाडांखाली. आपल्या हिंदी सिनेमाने तर फार पूर्वीच त्यात गाणी घातली होती. "होतो," मी म्हणाले. "अंधार पाहिजे हे खरं, पण तो माणसात असला तरी चालतो."

"मग पानी कशापायी मारायला लावलंसा?" महेश म्हणाला. मी वाटीतलं उरलेलं माडगं संपवलं.

प्रसंग कोरड्या रस्त्यावर झाला. सूर्य डोक्यावर, त्यामुळे सावली पायांखाली गोळा होऊन बसलेली. दोन माणसं एकमेकांसमोर उभी आणि लपायला वीतभर जागा नाही. अडचण एकच होती. सुभेदार गुन्हेगाराशीही सावधानमध्ये उभं राहून बोलत होते. "सैल सोडा, सुभेदार," असं दिनकरराव सात वेळा म्हणाले. आठव्या वेळी सुभेदार म्हणाले, "सैल सोडायचं शिकवलंच न्हाई गड्या कुनी." मी म्हटलं, तसेच राहू द्या. आणि मग कॅमेऱ्यात पाहिलं. एवढ्या उजेडात एवढं ताठ उभं असलेलं माणूस भयानक दिसतं.

पुन्हा शेडमध्ये

गुरुवारी सकाळी दोन बातम्या एकदम आल्या. त्या बाईचं काम करायला सांगलीहून येणारी नाटकातली नटी तापाने फणफणली होती. आणि शोभाताईंनी मोबाईल आमच्यासमोर धरला. "उद्या आभाळ येनार म्हनत्यात. द्राक्षं आजच तोडाय लावल्यात. दोन वाजता ट्रॅक्टर येतोय."

साडेनऊ वाजले होते. दिनकरराव ओट्यावर बसले. हा मोठा माणूस बसला की ओटा लहान दिसायचा. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्सी बघू."

पुढच्या वर्षी हा सिनेमा होणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. महेशने कॅमेरा पिशवीत घालायला सुरुवात केली. शोभाताई किल्ल्या घेऊन शेडकडे निघाल्या होत्या, त्या दारात थांबल्या. ऊन त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं.

"त्या बाईला बोलायचं किती हाय?" त्यांनी विचारलं.

"चार वाक्यं," मी म्हणाले.

"आन करायचं काय?"

"हार द्यायचा. त्याच्याकडे बघायचं. शेवटी पोलिसाची गोळी लागून पडायचं."

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. "आवं, उठा," नवऱ्याला म्हणाल्या. "मी करती. पर साडी हीच आसंल, आन दोन वाजता बंद."

दिनकररावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांची ओळख करून दिली होती.

पुढचे चार तास मी विसरणार नाही. रॅकच्या पट्ट्यांमध्ये शोभाताई उभ्या राहिल्या आणि महेशने मनावर दगड ठेवून आपला मोठा लाईट बंद केला. त्यांना अभिनय येत नव्हता आणि तो करायचाही नव्हता. हार नवऱ्याच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "वितळवा. इचारू नका." वीस वर्षं बेदाण्याच्या व्यापाऱ्यांशी भाव ठरवलेल्या बाईचा आवाज तो. दिनकररावांना पुढचं वाक्य आठवेना. ते नुसते बघत राहिले. महेशने कॅमेरा बंद केला नाही, आणि तोच शॉट ठेवला.

पावणेदोनला शेवटचा प्रसंग आला. सुभेदार दारात ताठ उभे, हातात लाकडी पिस्तूल. शोभाताईंनी हात वर केला. "थांबा. ह्या बायका शेवटी मरत्यात कशापायी?"

मी सांगितलं, की त्या काळी तिकडे नियमच होता. पडद्यावर चूक केली की शिक्षा झालीच पाहिजे. बाई हुशार असली, नवऱ्याला किंवा प्रियकराला वरचढ असली, की तिचा शेवट ठरलेला. प्रेक्षकांनी तिच्यावर दीड तास जीव टाकायचा आणि शेवटी तिला पडताना बघून शहाणं होऊन घरी जायचं.

"त्यो नियम आजून हाय?"

"नाही. केव्हाच गेला. नंतरच्या सिनेमांत काही बायका सुटून जातात."

"मग मी बी जाती."

"आगं, पर गोष्टीत..." दिनकरराव म्हणाले.

"गोष्ट तुमी लिवली. शेड माझं हाय."

सुभेदारांनी आपणहून पिस्तूल खाली केलं. "मला तर पटलं," ते म्हणाले. "बाईमानसावर गोळी मी न्हाई झाडनार, शिनेमात बी न्हाई."

दिनकरराव हसू लागले. आधी हळू, मग गदगदून, डोळे पुसत. "चला रं," ते महेशला म्हणाले. "जाऊ दे तिला."

शोभाताईंनी हार उचलला. रॅकच्या मधून त्या चालू लागल्या आणि पट्टे त्यांच्या अंगावरून सरकत गेले, काळा, पांढरा, काळा. सुभेदार दारातून बाजूला झाले. त्या बाहेर उन्हात गेल्या. त्याच क्षणी ट्रॅक्टर फाटकातून आत आला, मागे द्राक्षांचे क्रेट. शोभाताईंनी हार ब्लाऊजमध्ये खोचला, पदर कमरेला बांधला आणि त्या ओरडल्या, "हळू, हळू! मनी फुटतील! हिकडनं उतरवा!" महेश पळत त्यांच्या मागे, कॅमेरा खांद्यावर. त्याला थांब म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

मग आम्ही सगळ्यांनी क्रेट उतरवले. सुभेदारांनी सर्वांत जास्त. माझ्या बोटांना संध्याकाळपर्यंत द्राक्षांचा चिकटपणा होता.

मिरज

शनिवारी मिरजेला जायचं कारण दिनकररावांच्या डोक्यात पक्कं होतं. न्वारमध्ये मागे सॅक्सोफोन वाजतो, असं मी कधीतरी बोलले होते. "आपल्याकडं त्यो कुठनं आनायचा? पर मिरजेत तानपुरे हायत," ते म्हणाले. आभाळ आलं तसं न बरसता गेलं होतं, द्राक्षं रॅकवर पसरून झाली होती, म्हणून शोभाताईही आल्या. माझी गाडी दुपारी मिरजेहूनच होती.

तानपुरे बनवणाऱ्या बशीरचाचांचं दुकान गल्लीत. भिंतीला भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, चिकटवायच्या सरसाचा वास. आपल्याला काय हवंय ते दिनकररावांनी त्यांना सांगितलं. "तार सैल पायजे. बेसूर."

चाचांनी चष्मा वर केला. "पन्नास वर्षं झाली तार जुळवायला शिकून. बेसूर पाहिजे म्हणून आलेलं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच." पण त्यांनी एक मोठा तानपुरा पुढ्यात घेतला, खर्जाची तार उतरवत, उतरवत नेली आणि छेडली. जडसा, घुमणारा, कुठेच न पोचणारा आवाज. दुकानातलं सगळं लाकूड त्याने थरथरलं. शोभाताईंनी पदर घट्ट केला. "आसंच वाटतंय," त्या म्हणाल्या, "घरात एकटं आसलं की दुपारी."

चाचांनी तो तीन वेळा वाजवला. महेशने ध्वनी घेतला आणि तिथेच, भोपळ्यांच्या मधे लॅपटॉप ठेवून, आदल्या दिवशी कापून जोडलेल्या चित्राखाली लावला. आम्ही पाचजण आणि चाचा असे दाटीने बसलो. पंधरा मिनिटांचा सिनेमा. कोरडा रस्ता, ताठ पोलीस, हार, पट्टे. शोभाताई दारातून बाहेर गेल्या आणि पडदा काळा झाला.

"पुढचं कुठाय?" शोभाताई म्हणाल्या. "मी क्रेट उतरवली ते?"

"ते काढलं," दिनकरराव म्हणाले. "दारात संपवलं की बरं दिसतंय."

"कुनाला?"

महेशने कुणाच्या आदेशाची वाट न बघता तो तुकडा परत जोडला. आम्ही पुन्हा पाहिलं. आता ती बाई उन्हात गेली, ट्रॅक्टर आला, तिने चोरीचा हार खोचला आणि कामाला लागली. चाचा एवढ्या मोठ्याने हसले की टांगलेले तानपुरे गुणगुणू लागले.

शोभाताई मात्र हसत नव्हत्या. त्या हार देतानाच्या चित्रावर महेशला थांबायला सांगून पडद्याजवळ झुकल्या. "मी आशी दिसती व्हय?"

"व्हय," दिनकरराव म्हणाले.

"मग कवा सांगितलं न्हाईसा?"

दिनकरराव पडद्याकडे बघत राहिले. "कोइमतूरला तुझा फोटू हुता भट्टीवर. त्याला सांगत हुतो."

सुभेदार भोपळ्यांकडे बघायला लागले. शोभाताईंनी डोळ्याला पदर लावला, मग तो झटकला. "लावा परत," त्या महेशला म्हणाल्या.

तिसऱ्यांदा बघून झालं तेव्हा माझी गाडी निघून गेलेली होती. सुभेदारांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. वेळ चुकणं त्यांना सोसत नाही. दुसरी गाडी कधी आहे ते विचारायला ते उठले. मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि महेशला चौथ्यांदा लाव म्हटलं.